वळवात सापडलेली राणी: पहिले दोन महिने काय करायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव झाला. त्या रात्री पडवीतल्या दिव्याखाली माझ्या मुलाला, वय अकरा, पंख गळालेली मोठी काळी मुंगी सापडली. ती राणी आहे असं त्याच्या सरांनी सांगितलं. काचेच्या बरणीत ओली माती घालून ठेवलीय. साखर, चपातीचा तुकडा, कुंद्याचा कण, सगळं देऊन झालं, ती कशाला तोंड लावत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही बघतो. चौथ्या दिवशी पाच-सहा अंडी दिसली होती, काल बघितलं तर एकही नाही. ती मरणार का? मुलगा रडकुंडीला आलाय."

ताई, आधी मुलाला एवढं सांगा, की राणीला काही झालेलं नाही. अंडी तिनेच खाल्लीत, आणि नीट ठेवलीत तर ती पुन्हा घालेल. खाणं दिलंत, लक्ष दिलंत, ते मायेपोटीच. पण या दोन महिन्यांत तिला त्यातलं काहीच लागत नाही.

वर्णनावरून हा आपल्याकडचा नेहमीचा मोठा काळा मुंगळा दिसतो, काही गावांत त्याला डोंगळा म्हणतात. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. झाडावर मावा पडला की त्याचा गोड रस गोळा करायला खालीवर ये-जा करतात ते हेच. वळवाच्या सरी पडून गेल्या, संध्याकाळी हवा दमट झाली, की यांचे पंखवाले नर आणि राण्या बिळातून बाहेर पडतात आणि हवेतच त्यांचं मीलन होतं. नर थोड्याच दिवसांत मरतात. राणी खाली उतरते आणि पायांनी रेटून स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते. पंखांच्या मुळाशी तशी नाजूक रेघच असते, तिथे ते तुटतात. त्या एका उड्डाणात मिळालेलं बीज ती पोटातल्या एका पिशवीत साठवते आणि जन्मभर वापरते. पुन्हा तिला नर लागत नाही.

मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. नरांच्या बाबतीत ते अगदी खरं, आणि राण्यांच्या बाबतीतही बहुतेकदा खरं. पाली, बेडूक, सकाळी अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या आणि सगळ्यात जास्त म्हणजे दुसऱ्या मुंग्या, यांच्या तावडीतून फार थोड्या राण्या सुटतात. तुमच्या मुलाला सापडली ती त्यातली एक. म्हणून तिच्यासाठी थोडी मेहनत घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आता ती खात का नाही ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. या जातीची राणी रानात असती तर तिने जमिनीत बोटभर खोल एक खोली केली असती आणि आतून दार लिंपून घेतलं असतं. पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत ती बाहेर येत नाही आणि काही खात नाही. तिची शिदोरी तिच्या अंगात असते. पोटातली चरबी तर असतेच, शिवाय पंख हलवणारे छातीतले मोठे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात, तेही हळूहळू विरघळतात. त्यातून ती अंडी घालते, आणि अळ्यांना तोंडातून भरवते तेही त्यातूनच. शिदोरी मोजकी असते. त्यामुळे धोका वाटला, उजेड आला, हादरे बसले, की ती अंडी खाऊन टाकते. दिलेलं निदान परत पोटात येतं, आणि जागा शांत झाली की त्यातूनच पुन्हा अंडी होतात. दिवसातून दोनदा बरणी उचलणं म्हणजे दिवसातून दोनदा तिच्या घराचं छप्पर काढणं.

हे मी फार महाग किंमत देऊन शिकलो. मी बेळगावातल्या वडगावचा, आमच्याकडे घरोघरी माग. माझी पहिली राणी मी अगदी पुस्तकात लिहावी तशी ठेवली होती. काचेची नळी, काळा कागद, आठवड्यातून एकदाच बघणं, सगळं नियमाने. तीन वेळा तिने अंडी घातली, तिन्ही वेळा गायब. मी पाणी बदललं, नळी बदलली, जागा तेवढी बदलली नाही. फळी ज्या भिंतीला होती, तिच्या पलीकडे माग चालायचा. आमच्या कानाला ती खटखट ऐकू येणंच बंद झालेलं असतं. एके दिवशी नळीतल्या पाण्याकडे बघत बसलो होतो. माग सुरू झाला आणि पाण्यावर बारीक बारीक थरथर उठली, उकळायच्या आधी भांड्यात उठते तशी. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्याच संध्याकाळी नळी मांडीवर धरून येळ्ळूरला बहिणीकडे नेली आणि धान्याच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली. पुढे दीड-पावणेदोन महिन्यांनी बहिणीचा निरोप आला, "दादा, पिल्लं झालीत." मुंग्यांना हवेतला आवाज आपल्यासारखा ऐकू येत नाही, पण पायाखालची थरथर त्यांना फार चांगली कळते. तुमच्याकडे माग नसेल, पण पिठाची चक्की, वॉशिंग मशीन, फ्रिजचा माथा, सारखा आपटणारा दरवाजा, यांपासून राणी लांब ठेवा.

माती काढून टाका. माती नैसर्गिक खरी, पण बरणीतली ओली माती आठ दिवसांत बुरसते, तिच्यात कोळीकिडे (बारीक माइट) असतात, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणून माणूस उकरून बघतो. शाळेला प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात काचेची परीक्षानळी मिळेल. साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि दीड ते दोन सेंटिमीटर रुंद घ्या. तिच्यात एक तृतीयांश पाणी भरा. औषधाच्या दुकानातला साधा कापूस घट्ट गोळा करून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने आत ढकला, पाण्याला टेकेपर्यंत. कापूस पूर्ण भिजला पाहिजे, पण नळी आडवी केल्यावर पलीकडे थेंब यायला नको. थेंब आला तर कापूस कमी पडला, बाहेर काढून पुन्हा करा. हे काम घाईने करू नका, पुढचे दोन महिने राणीचं पाणी आणि दमटपणा या एका बोळ्यावर अवलंबून आहे. ओल्या कापसानंतर सहा-सात सेंटिमीटर कोरडी जागा सोडा, तीच तिची खोली. राणी आत गेली की तोंडाला कोरड्या कापसाचा सैल बोळा लावा, हवा त्यातून खेळते.

राणीला मातीतून काढताना चिमटा वापरू नका. पाय फार नाजूक असतात, एक जरी तुटला तरी पुढे अळ्या उचलताना तिची कसरत होते. संध्याकाळी वर्तमानपत्रावर माती हलक्या हाताने पसरा आणि नळीचं तोंड तिच्यासमोर धरा. नळीला हाताने सावली करा, अंधाराकडे ती आपणहून जाते. नाहीच गेली तर चित्रकलेच्या मऊ ब्रशने मागून जरा हुसका. मातीत नवी अंडी दिसली तर ब्रशचं टोक पाण्यात बुडवून त्यावर उचला आणि तिच्याबरोबर आत ठेवा. ती दुधट पांढरी आणि जेमतेम एक मिलिमीटर लांब असतात, एकमेकांना चिकटलेली.

नळीला काळा कागद गुंडाळा किंवा जुन्या मोज्यात घाला आणि कपाटात आडवी ठेवा. फक्त त्या कपाटात डांबराच्या गोळ्या असता कामा नयेत. त्या कपड्यांतले किडे मारायलाच असतात, राणीही त्याने मरते. डासांची कॉइल, फवारे, मुंग्या मारायचा खडू, यांचाही त्या खोलीत शिरकाव नको. ऊन थेट नळीवर पडलं तर दहा मिनिटांत आतलं सगळं शिजून जाईल. बाकी आपल्या भागातली हवा तिला मानवते, पंचवीस ते तीस अंशांत ती सुखात असते.

खायला काही म्हणजे काही द्यायचं नाही. कुंदा तर नकोच. खवा-साखरेचा तो कण दोन दिवसांत बुरशी धरतो, आणि या मुंगळ्यांना बुरशी लवकर बाधते. बहुतेक मुंग्यांच्या छातीच्या मागच्या बाजूला जंतू मारणारा रस पाझरणारी एक ग्रंथी असते. मुंगळ्यांच्या या कुळात बहुतेक जातींना ती नाही. म्हणून स्वच्छता हाच त्यांचा मोठा आधार.

आता बघणं. मुलाला पूर्ण बंदी घालू नका, ती पाळली जाणार नाही. दर रविवारी एकदा, अर्धा मिनिट, मंद उजेडात, नळी न हलवता. एक वही करा आणि दिसेल ते तारखेसह लिहायला सांगा. साधारण काय दिसेल ते सांगतो. पहिल्या आठवड्यात अंडी, बहुधा डझनाच्या आतबाहेर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यातली काही अळ्या झालेली दिसतील, तांदळाच्या कणीहून बारीक आणि मान वाकडी केलेल्या. मग त्या फुगतात आणि स्वतःभोवती रेशमाचा कोष विणतात. कोष फिकट बदामी असतो आणि त्याच्या एका टोकाला काळा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे अळीने आयुष्यात पहिल्यांदा टाकलेली विष्ठा. दगड उचलल्यावर मुंग्या तोंडात धरून पळतात त्यांना आपण अंडी म्हणतो, ते बहुतेकदा हे कोष असतात. पाच ते आठ आठवड्यांत पहिली कामकरी मुंगी बाहेर येते.

ते बाहेर येणं एकदा तरी डोळ्यांनी बघावं. पोरी स्वतः बाहेर येत नाहीत, राणी कोषाला तोंड लावून फाडते. आधी एक शिंग, म्हणजे डोक्यावरची स्पर्शिका, बाहेर येतं, ते हवेत चाचपडतं. राणी ते चाटते, कोषाची चिंधी ओढून बाजूला टाकते, आणि आतून दुधाळ चहाच्या रंगाची, पाय पोटाशी घेतलेली मुंगी निघते. तिला उभं राहायलाही वेळ लागतो. अंग काळं व्हायला काही दिवस जातात. ही पहिली खेप नेहमीच्या मुंग्यांपेक्षा बारीक असते, कारण एकट्या आईच्या अंगातल्या शिदोरीवर ती वाढलेली असते. तेव्हा रोगट झाली म्हणून काळजी करू नका.

एक शंका तुमच्या मनात येईल: राणीचं मीलन झालं नसेल तर? तशी राणीही अंडी घालते, पण न फळलेल्या अंड्यांतून नुसते नर होतात. पंख गळालेली असली तरी पक्की खात्री देता येत नाही. कामकरी मुंगी निघाली की कळतं, तोवर वाट बघायची. आणि ती वाळवीची तर नाही ना, हे तपासायचं असेल तर कंबर बघा. मुंगीची कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी असते आणि शिंगांना कोपर असतं. वाळवीची कंबर सरळ आणि शिंगं मण्यांच्या माळेसारखी. पहिल्या पावसात दिव्याभोवती ढिगाने पंख गळून पडतात ते बहुधा वाळवीचेच. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला जातो तेही वाळवीनेच बांधलेलं असतं, मुंग्यांनी नाही.

पहिल्या मुंग्या आल्या की दोन दिवस थांबा, मग खाणं सुरू करा. एक भाग साखर, तीन भाग पाणी, टाचणीच्या टोकाएवढा थेंब प्लास्टिकच्या तुकड्यावर ठेवून आत सरकवा. मुंगी प्यायला लागली की तिचं पोट फुगतं, त्यावरचे पट्टे एकमेकांपासून दूर जातात आणि मधून उजेड आरपार दिसतो. मग ती राणीकडे जाते, तोंडाला तोंड लावते, आणि कितीतरी आठवड्यांनी राणीच्या पोटात बाहेरचं अन्न पडतं. साखर चालण्या-फिरण्याच्या ताकदीसाठी. अळ्या वाढायला किडे लागतात. रॅकेटने मारलेला डास चालेल, फवारा किंवा कॉइलने मेलेला अजिबात नाही. पुढे नाकतोड्याचा पाय, छोट्या झुरळाचा तुकडा. किडा आधी उकळत्या पाण्यातून काढा, म्हणजे त्याच्या अंगावरचे कोळीकिडे मरतात. आठवड्यातून दोनदा पुरे. दुसऱ्या दिवशी उरलेलं बाहेर काढायचं, यात कुचराई नको.

या टप्प्यावर माझ्याकडे सगळ्यात जास्त वस्त्या गेल्या त्या घरातल्या बारीक मुंग्यांमुळे. साखरेचा वास लागला की तांबड्या बारीक मुंग्या रात्रीत रांग लावतात, कापसातून आत शिरतात आणि सकाळी राणीचं नुसतं कवच उरतं. त्यांतली आग लावणारी तांबडी मुंगी मूळची अमेरिका खंडातली, आता आपल्या शेताशेतात आहे. उपाय आजीच्या काळचाच: दुधा-तुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे तसं परातीत पाणी घालून मधे वाटी पालथी घाला आणि त्यावर नळी ठेवा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून चालत येता येत नाही.

दहा-पंधरा मुंग्या झाल्या की नळीचं तोंड एका छोट्या प्लास्टिकच्या डब्यात उघडा ठेवा. तो डबा म्हणजे त्यांचं अंगण, खाणं तिथे द्यायचं. डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने पट्टा मारा. वाळला की मुंग्यांचे पाय त्यावर घसरतात. पावसाळ्यात दमटपणाने तो पट्टा पकड सोडतो, जून ते सप्टेंबर दर आठवड्याला नवा मारा. हे मुंगळे डंख मारत नाहीत, पण मोठ्या डोक्याच्या मुंग्या तयार झाल्या की कडकडून चावतात आणि जखमेवर आम्ल सोडतात. आग होते, पाण्याने धुतलं की जाते.

नळीतलं पाणी संपत आलं किंवा कापूस काळपट झाला तर राणीला हलवू नका. नवी नळी तोंडाला तोंड लावून जोडा, नवीवर काळा कागद ठेवा आणि जुनीवरचा काढा. एका रात्रीत जातील, नाहीतर पंधरा दिवस घेतील. त्यांना घेऊ द्या.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री थंडी पडते, तेव्हा अंडी कमी होतात, मुंग्या सुस्तावतात आणि खाणं निम्म्यावर येतं. त्यात काळजीचं काही नाही, बल्ब लावून ऊब देण्याचीही गरज नाही. पहिल्या वर्षअखेर माझ्याकडच्या वस्त्या पन्नास-साठपासून दीडशेपर्यंत गेल्या आहेत. दुसऱ्या वर्षी एकदम भर पडते. आणि ही गोष्ट लवकर संपणारी नाही, हे मुलाला आत्ताच सांगा. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाकडे २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. आपल्या मुंगळ्याची राणीही कित्येक वर्षं टिकते.

नाद वाढला की पोरं दहा राण्या पकडून आणतात. एकच ठेवा. या जातीच्या दोन राण्या एका नळीत घातल्या तर भांडून एक तरी मरते, कधी दोन्ही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही, मुंगीसुद्धा. तिथे परवानगीशिवाय जीव पकडायला कायद्याने बंदी आहे. स्वतःच्या पडवीतली राणी पुरेशी आहे. आणि तुम्ही खानापूरचे, म्हणून सांगतो. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं जे दुर्मीळ वटवाघूळ प्रसिद्ध आहे, त्याला राॅटन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याचं नाव दिलंय. त्याचा मुंग्यांचा मोठा अभ्यास होता. मुंबई इलाख्यातल्या मुंग्या गोळा करून तो परदेशातल्या तज्ज्ञांकडे नाव द्यायला पाठवायचा आणि १८९२ साली त्याने इथल्या मुंग्यांवर लेखही लिहिला. मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

वस्ती सांभाळणं जमेनासं झालं तर लांब नेऊन सोडू नका. जिथे राणी सापडली त्याच आवारात, सावलीतल्या झाडाच्या बुंध्याशी, संध्याकाळी नळी उघडी करून ठेवा.

तर आज रात्रीच नळी करा, राणी आत घाला, कपाटात ठेवा, आणि पहिला रविवार येईपर्यंत कपाटाकडे जाऊ नका. जुलैच्या अखेरपर्यंत एकही कोष दिसला नाही तर वहीतल्या तारखा मला लिहून पाठवा. त्यावरून कुठे अडलं ते सांगता येईल.